छातीतल्या पाण्याला काय विचारायचे?

न्यूमोनिया होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या दर पाच माणसांमागे एक-दोघांच्या छातीत पाणी होते. फुफ्फुसाला दुपदरी पातळ आवरण असते आणि निरोगी माणसातही त्या दोन पदरांमध्ये दोन-चार चमचे द्रव असतोच; त्यामुळे श्वास घेताना पदर एकमेकांवरून सहज घसरतात. न्यूमोनियाच्या दाहाने बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागल्या की हा द्रव वाढतो. बहुतेकांना त्याचा त्रास पुढे होत नाही. अँटिबायोटिकने ताप उतरतो, पाणीही जिरते. काही जणांच्या पाण्यात मात्र जंतू उतरतात. मग त्यात फायब्रिनचे धागे विणले जातात, कप्पे पडतात, पू होतो, आणि काही आठवड्यांत फुफ्फुसावर अशी जाड साल चढते की ते पुन्हा पुरते फुगत नाही. सुरुवातीला एका नळीने जे काम भागले असते, त्यासाठी आता शस्त्रक्रिया करून ती साल सोलून काढावी लागते. स्टीव्हन सान आणि रिचर्ड लाइट या अमेरिकी छातीरोगतज्ज्ञांनी १९८९ मध्ये बजावले होते की न्यूमोनियाबरोबर आलेल्या पाण्यावर सूर्य मावळू देऊ नये.

म्हणजे त्याच दिवशी सुई घालून पाणी काढून पाहायचे. सिरिंजमध्ये पू आला तर विचार करण्यासारखे काही उरत नाही, नळी टाकायची. अडचण होते ती पाणी पिवळसर, नितळ दिसते तेव्हा. जंतू आत शिरले आहेत का हे कल्चरने कळावे, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि संसर्ग नक्की असलेल्या रुग्णांतही सुमारे चाळीस टक्के नमुन्यांत काहीच उगवत नाही. बऱ्याच जणांनी गावातल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचे दोन-चार डोस आधीच घेतलेले असतात. शिवाय हवेत न वाढणारे जंतू प्रयोगशाळेपर्यंत पोचता पोचता मरतात. जंतू हाती लागत नाही म्हणून त्याच्या खुणा शोधायच्या, पाण्यात आणि रक्तात. त्या खुणा म्हणजे मार्कर.

गेल्या पन्नास वर्षांत अशा मार्करची मोठी रांग लागली आहे. दर काही महिन्यांनी एखादे नवे प्रथिन सापडते आणि ते जुन्या तपासण्यांपेक्षा सरस असल्याचा शोधनिबंध येतो. तरीही खाटेशेजारचा निर्णय आज ज्या आकड्यावर होतो तो १९७० च्या दशकातला आहे. याला डॉक्टरांचा सनातनीपणा जबाबदार आहे असे मला वाटत नाही. नव्या मार्करपैकी बहुतेकांना प्रश्नच चुकीचा विचारला गेला. ‘संसर्ग आहे का?’ असे त्यांना विचारले गेले. डॉक्टरला हवे असते ते ‘आज नळी टाकू की नको?’ याचे उत्तर. हे दोन प्रश्न जवळचे वाटतात, पण एक नाहीत.

रक्त आणि पाणी एकत्र तपासायची पद्धत रूढ केली ती लाइट यांनीच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० रुग्णांचे पाणी तपासून १९७२ मध्ये तीन निकष मांडले. पाण्यातले प्रथिन रक्तातल्या प्रथिनाच्या निम्म्याहून जास्त, पाण्यातले एलडीएच (पेशी फुटल्या की बाहेर सांडणारे विकर) रक्तातल्याच्या ०.६ पटीहून जास्त, किंवा एलडीएचचा आकडा रक्तासाठी ठरलेल्या वरच्या मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. यातला एकही निकष लागू झाला तर पाणी दाहाचे, नाही तर हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे झिरपलेले. हे निकष आजही जगभर चालतात. त्यांची खोडही ठाऊक आहे: हृदयविकाराच्या रुग्णाला लघवी वाढवणारी गोळी दिली की पाणी आटते, प्रथिने दाट होतात आणि साधे पाणी दाहाचे म्हणून मोजले जाते. पण आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे असे की दाह म्हणजे संसर्ग नव्हे. कर्करोग, क्षय, संधिवात, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, या सगळ्यांचे पाणी त्याच खान्यात पडते. लाइट यांच्या निकषांनी पहिली चाळण लागते, एवढेच.

दुसरी चाळणही लाइट यांच्याच कामातून आली, आणि ती आम्लतेची. जंतू आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या पांढऱ्या पेशी, दोघेही साखर खातात. सुजलेल्या आवरणातून नवी साखर पुरेशी आत येत नाही आणि तयार झालेले लॅक्टिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीत. परिणामी पाण्यातली साखर घटते, पीएच उतरतो, आणि पेशी फुटून सांडलेल्या एलडीएचचा आकडा हजारावर जातो. निरोगी द्रवाचा पीएच ७.६ च्या आसपास असतो, तो ७.२ च्या खाली गेला की पाणी औषधाने जिरेल ही आशा सोडायची आणि नळी टाकायची. १९९५ मध्ये जॉन हेफनर आणि सहकाऱ्यांनी सात अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा साखर आणि एलडीएचपेक्षा पीएच सरस ठरला. त्या साती अभ्यासांत मिळून रुग्ण होते अडीचशेच्या आसपास! अख्ख्या जगाची वहिवाट एवढ्याशा पायावर उभी आहे, हे नव्या मार्करना नावे ठेवताना विसरू नये.

पीएचचे खरे दुखणे मोजण्यात आहे. जागा बधिर करायला वापरलेले लिग्नोकेन आम्लधर्मी असते. त्याच सिरिंजमध्ये त्याचे काही थेंब राहिले तर पीएच खोटा उतरतो. उलट सिरिंजमध्ये हवा राहिली तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच खोटा चढतो. नमुना गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये घेतलेले हेपरिन जास्त राहिले तरी आकडा खाली येतो. ऑक्सफर्डच्या नजीब रहमान यांच्या गटाने २००८ मध्ये हे पद्धतशीर मोजून दाखवले, आणि निघालेला फरक काही रुग्णांत नळीचा निर्णय उलटा करण्याएवढा होता. नमुना घ्यावा तसा घेतला तरी तो आयसीयूतल्या रक्तवायू मोजणाऱ्या यंत्रावर तपासायला हवा. आपल्याकडे तालुक्याच्या रुग्णालयात हे यंत्र नसते. असले तरी ते बुजेल या भीतीने घट्ट पाणी लावू देत नाहीत. (पू असेल तर तो लावूच नये, ही भीती तेवढी रास्त आहे.) मग कागदी पट्टी बुडवून रंग पाहिला जातो आणि अहवालात ‘७.५’ किंवा ‘अल्कलाइन’ असे छापून येते. त्या आकड्यावर नळीचा निर्णय घेण्यापेक्षा पीएच न मागवलेला बरा.

अशा ठिकाणी साखर हा प्रामाणिक पर्याय आहे. पाण्यातली साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नळीचा विचार करावा, असे ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेचे म्हणणे आहे. तिने दिलेला ३.३ मिलिमोलचा आकडा आपल्या एककात तेवढाच होतो. साखर कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. नमुना फ्लोराइडच्या नळीत पाठवला पाहिजे, एवढेच पथ्य. साध्या बाटलीत पेशी वाटेतही साखर खात राहतात. त्याच मार्गदर्शिकेने पीएच ७.२ ते ७.४ यांच्यामधला अंधुक पट्टा मान्य केला आहे. तिथे एलडीएच ९०० च्या वर असेल, पाणी जास्त असेल किंवा सोनोग्राफीत जाळी दिसत असेल, तर नळीकडे झुकावे असा सल्ला आहे. अपवादही लक्षात ठेवावे लागतात. प्रोटियस हा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो, त्यामुळे संसर्ग असून पीएच चढलेला दिसतो. कप्पे पडले असतील तर शेजारशेजारच्या दोन कप्प्यांत दोन वेगळे पीएच निघतात. सुई कुठे गेली यावर उत्तर ठरते.

रक्तातल्या मार्करमध्ये सगळ्यात जुना सीआरपी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये तो शोधला, तोही न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात: न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेशी तो जोडला जाई. यकृत तो तयार करते, आणि दाह ओसरला की सुमारे १९ तासांत त्याचे प्रमाण निम्मे होते. या वेगामुळे तो एकदा मोजण्यापेक्षा पुन्हा पुन्हा मोजण्यात जास्त उपयोगी पडतो. एडिंबरोच्या जेम्स चामर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की न्यूमोनियात चौथ्या दिवसापर्यंत सीआरपी निम्म्याने उतरला नाही तर गुंतागुंतीची शक्यता वाढते. २००९ मध्ये त्यांनी न्यूमोनियाच्या कुठल्या रुग्णाला पुढे एम्पायमा, म्हणजे छातीत पू, होईल याचे अंदाज शोधले. त्यांत १०० च्या वरचा सीआरपी होता, आणि सोबत घसरलेले अल्ब्युमिन, घसरलेले सोडियम, चढलेल्या प्लेटलेट. यातली एकही तपासणी नवी किंवा महाग नाही. दाखल होताना घेतलेल्या रक्तात हे सगळे आकडे असतातच, फक्त ते एकत्र वाचले जात नाहीत.

पाण्यातला सीआरपीही मोजून झाला आहे. जंतुसंसर्गात तो चढा, हृदयविकारात आणि कर्करोगात उतरलेला, क्षयात मधला. पण सीमारेषा कुठे आखायची यावर एकमत नाही. कुठे तीस, कुठे शंभर.

प्रोकॅल्सिटोनिनचा गाजावाजा जास्त झाला. थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचा हा पूर्वज. गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या मुलांच्या रक्तात तो भरमसाट वाढतो असे फ्रेंच संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले. विषाणूच्या तापात तो फारसा वाढत नाही, म्हणून अँटिबायोटिक कधी थांबवावे हे ठरवायला त्याचा उपयोग झाला. छातीतल्या पाण्याच्या बाबतीत मात्र तो निराश करतो. कोंडलेल्या जागेतल्या पुवाला शरीर जो प्रतिसाद देते त्यात हा मार्कर अनेकदा बेताचाच चढतो, आणि पाण्यात मोजला तरी साध्या तपासण्यांहून फार काही जास्त सांगत नाही. सीआरपीच्या कित्येक पट किंमत मोजून मिळणारी माहिती तेवढीच असेल, तर खासगी रुग्णालयातल्या बिलात तो रोज का दिसावा हे मला समजलेले नाही.

ट्रेम-१, प्रेसेप्सिन, लायपोकॅलिन, इंटरल्युकिनांचे निरनिराळे क्रमांक, पूरक प्रथिनांचे तुकडे: ही यादी लांबवता येईल, पण त्यांची कथा एकसारखी आहे. एका केंद्रात पन्नास-शंभर रुग्ण, पू झालेल्यांची तुलना हृदयविकाराच्या पाण्याशी, आणि झळकता निकाल. पू आणि हृदयविकाराचे पाणी वेगळे ओळखायला मार्कर कशाला हवा, डोळे पुरतात. अवघड रुग्ण मधले असतात, आणि त्यांच्यात तोच मार्कर अडखळतो.

याहून खोल घोळ एक आहे. मार्कर खरा की खोटा हे ठरवायला ‘खरा संसर्ग कोणाला होता’ याची कसोटी आधी लागते. कल्चर चाळीस टक्के वेळा गप्प राहते, म्हणून बहुतेक अभ्यासांत संसर्गाची व्याख्या अशी केलेली असते: पू, किंवा कल्चरमध्ये जंतू, किंवा पीएच ७.२ च्या खाली, किंवा साखर कमी. या व्याख्येवर नवा मार्कर पीएचशी स्पर्धेला उभा केला की पीएचने आपलाच पेपर तपासल्यासारखे होते. नवा मार्कर पीएचच्या पुढे जाऊच शकत नाही. गेला तर त्यालाच चूक म्हटले जाते. यातून सुटायला काही संशोधकांनी नळी टाकली की नाही हाच निकष धरला, पण नळीचा निर्णय डॉक्टरने पीएच पाहूनच घेतलेला असतो. खरी सुटका फक्त पुढे काय झाले ते पाहण्यात आहे: शस्त्रक्रिया लागली का, किती दिवस राहावे लागले, माणूस जगला का.

या कसोटीवर दोन मार्कर लक्ष वेधतात, आणि दोघांचाही संबंध जंतूंशी नसून जाळीशी आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. शरीरात फायब्रिन विरघळवणारी यंत्रणा असते; प्लास्मिन नावाचे विकर ते काम करते. छातीतल्या संसर्गात पीएआय-१ हे प्रथिन त्या यंत्रणेला लगाम घालते आणि धागे साठत जातात. टेक्सासमधल्या टायलरचे स्टीव्हन आयडेल यांनी या प्रथिनावर बराच काळ काम केले आहे. अलीकडे मोठ्या रुग्णगटाच्या साठवलेल्या नमुन्यांत असे दिसले की पाण्यात पीएआय-१ जितके जास्त तितकी सोनोग्राफीत जाळी दाट, मुक्काम लांब आणि वर्षभरातले मृत्यूही जास्त. दुसरा मार्कर सुपार, म्हणजे याच यंत्रणेतल्या युरोकायनेजच्या ग्राहकाचा सुटा झालेला तुकडा. ब्रिस्टलच्या गटाने २०२० मध्ये दाखवले की कप्पे पडलेल्या पाण्यात तो चढतो, आणि कोणाला नळी लागेल, कोणाला पुढे जाळी विरघळवणारे औषध किंवा शस्त्रक्रिया लागेल, याचा अंदाज तो पीएचपेक्षा नेमका देतो. अभ्यास लहान होता, पण प्रश्न बरोबर होता. त्याची निकडही खरी आहे. २०११ च्या मिस्ट-२ चाचणीपासून टीपीए आणि डीएनेज ही दोन औषधे नळीवाटे सोडून जाळी आणि पू पातळ करण्याची पद्धत रूढ झाली. ती महाग आहेत, रक्तस्रावाचा धोका आहे, आणि कोणाला द्यायची हे आज बरेचसे अंदाजाने ठरते.

जगण्या-मरण्याचा अंदाज बांधणारी सर्वांत टिकाऊ मोजपट्टी मात्र चार साध्या गोष्टी आणि एका नजरेवर चालते. रॅपिड नावाच्या या गुणपत्रिकेत रक्तातला युरिया, वय, पाणी पुवाळलेले आहे का, संसर्ग घरी झाला की रुग्णालयात, आणि अल्ब्युमिन, एवढेच पाहतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायलट नावाच्या अभ्यासात कमी गुणांच्या रुग्णांपैकी २.३ टक्के, मधल्यांपैकी ९.२ टक्के आणि जास्त गुणांच्यांपैकी २९.३ टक्के तीन महिन्यांत दगावले. यातली गंमत अशी की पू असणे ही इथे चांगली बाजू आहे. पू *नसेल* तर धोक्याचा गुण मिळतो. पांढरा, स्वच्छ पू निघाला तर रोगी वाचतो असे हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवले होते, त्याची आठवण होते.

आता आपल्याकडे वळू, कारण इथे प्रश्नाचा क्रमच बदलतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे, आणि मुंबई-पुण्यापासून गडचिरोलीपर्यंत ‘छातीत पाणी झालंय’ म्हटले की पहिला संशय टीबीचा येतो. क्षयाच्या पाण्यात जंतू थोडे असतात. ते पाणी बरेचसे शरीराच्या प्रतिक्रियेतून होते. म्हणून जीन-एक्स्पर्टसारखी जनुकीय चाचणी थुंकीत चांगली चालते, पण छातीच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास रुग्णच पकडते. ही पोकळी एडीएने भरून काढली. ॲडेनोसीन डिअमिनेज हे विकर क्षयाच्या पाण्यात वाढते हे १९७८ मध्ये इटलीत नोंदले गेले. आज ४० युनिटच्या वरचा आकडा आला, पाण्यात लिम्फोसाइट प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असल्या, की एकेटी सुरू होते: सहा महिन्यांचा क्षयाचा कोर्स.

लिम्फोसाइटवाली अट पाळली तर एडीए उत्तम मार्कर आहे, विशेषतः क्षय मुबलक असलेल्या प्रदेशात. ती अट विसरली जाते आणि तिथे घात होतो. एम्पायमातही एडीए चढते, कधीकधी क्षयापेक्षाही वर. आकडा अडीचशेच्या पुढे गेला तर तज्ज्ञ उलट क्षयापासून दूर, पू किंवा लिम्फोमाकडे पाहायला सांगतात. क्षयात मुख्यतः एडीए-२ हा प्रकार वाढतो, पुवात एडीए-१. पण आपल्या लॅब दोघांची बेरीज छापतात. फरक ओळखायचा एक सोपा मार्ग त्याच अहवालात पडून असतो. एम्पायमात एलडीएच प्रचंड वाढते, क्षयात तेवढे नाही. म्हणून एलडीएचला एडीएने भागले की क्षयात लहान आणि पुवात मोठा आकडा येतो. यासाठी पंधराच्या जवळपासच्या रेषा सुचवल्या गेल्या आहेत. भागाकार करायला खर्च काहीच नाही. क्षयाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पाण्यात न्यूट्रोफिल या पुवातल्या पांढऱ्या पेशीच जास्त असतात, त्यामुळे उलटी चूकही होते.

चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी सारखी नाही. क्षयाच्या रुग्णाला आठवडाभर अँटिबायोटिक मिळाले तर सहसा वेळ गेला, एवढेच. पू असलेल्या माणसाला एकेटीवर घरी पाठवले तर तो महिन्या-दोन महिन्यांनी परततो तेव्हा फुफ्फुसावर साल चढलेली असते. म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरने एडीएचा आकडा वाचण्याआधी साखर, एलडीएच आणि पेशींची विभागणी वाचावी, असे मी म्हणेन.

जंतू शोधण्याची बाजूही पूर्वीसारखी लंगडी राहिलेली नाही. पाणी खाटेपाशीच रक्त-कल्चरच्या बाटलीत भरले तर जंतू सापडण्याचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांनी वाढते, हे ऑक्सफर्डच्याच गटाने २०११ मध्ये दाखवले. इतका स्वस्त फायदा दुसऱ्या कुठल्या मार्करने दिलेला नाही. जंतूंच्या डीएनएचा क्रम वाचणाऱ्या टॉर्पिड्स अभ्यासात २०२२ मध्ये दिसले की बहुतेक नमुन्यांत एकाच वेळी अनेक प्रकारचे जंतू असतात, त्यांत हवेविना वाढणारे पुष्कळ. ‘कल्चर निगेटिव्ह’ असा शेरा वाचून अँटिबायोटिक आखडते घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटी मुलांबद्दल, कारण तिथे हा सगळा वाद वेगळ्याच ठिकाणी येऊन थांबला आहे. लहान मुलाला सुई टोचायची तर गुंगीचे औषध द्यावे लागते, आणि मुलांचे फुफ्फुस मोठ्यांपेक्षा फार चांगले सावरते. अमेरिकेच्या बालसंसर्गतज्ज्ञांच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने म्हणूनच सांगितले की पाण्यातला पीएच, साखर, प्रथिने आणि एलडीएच मोजू नयेत: त्यांनी उपचार क्वचितच बदलतो. पाणी किती आहे हे सोनोग्राफीत पाहावे, मूल किती धापते ते पाहावे आणि ठरवावे. पाणी काढलेच तर पेशी मात्र मोजाव्यात, त्या क्षय आणि कर्करोग वेगळे काढण्यासाठी.